विरघळणाऱ्या दगडाचे राखणदार

शेवगावच्या परिसरात नवी विहीर खोदली जात असता काठावर उभे राहून पाहणाऱ्यास भूमीचे थर एकामागून एक उलगडताना दिसतात. प्रथम काळी माती लागते, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या दगड, आणि शेवटी पहारीला दाद न देणारा काळा पाषाण. यांपैकी माती व मुरूम यांच्या थरांत अधूनमधून पांढुरके, वेडेवाकडे खडे सापडतात. त्यांस चुनखडी म्हणतात. जुन्या काळी हेच खडे भट्टीत भाजून आणि बैलाच्या घाणीत मळून वाड्यांच्या व बारवांच्या बांधणीचा चुना तयार होत असे. आज त्यांकडे कोणी फारसे पाहत नाही. परंतु पृथ्वीच्या पाठीवरील एका अत्यंत चमत्कारिक भूप्रदेशाचे रहस्य समजून घ्यावयास हा क्षुद्र खडा पुरेसा आहे.

घरात बसून एक लहानसा प्रयोग करता येतो. चुनखडीचा खडा बशीत ठेवून त्यावर लिंबाचा रस पिळावा. थोड्याच वेळात बारीक बुडबुडे उठू लागतात. रसातील आम्लामुळे खड्यातील चुना विरघळतो आणि त्यातून एक वायू बाहेर पडतो. हा कर्बद्विप्राणिद वायू. सोडावॉटरच्या बाटलीत भरलेला असतो तोच. आता निसर्गात पाहावे. पावसाचे पाणी आकाशातून उतरताना हवेतील हा वायू थोडा शोषून घेते. मातीतून झिरपताना मुळांच्या व कुजणाऱ्या पाचोळ्याच्या संगतीने आणखी पुष्कळ घेते. असे पाणी अगदी सौम्य आम्ल बनते. दक्षिणेच्या काळ्या खडकातील चुन्याचा अंश ते हळूहळू काढून घेते, आणि कोरड्या दिवसांत पाणी सुकले म्हणजे तो चुना मातीत खड्यांच्या रूपाने मागे उरतो. शेवगावची चुनखडी ती हीच.

काळ्या खडकात चुन्याचा अंश थोडा. परंतु जेथे डोंगरच्या डोंगर चुनखडकाचे असतात, तेथे हेच सौम्य पाणी लक्षावधी वर्षे काम करीत राहिले तर काय होईल, याची कल्पना करावी. खडकातील केसासारखी भेग बोटाएवढी होते. बोटाएवढी भेग दरवाजाएवढी होते. आणि अखेरीस डोंगराच्या पोटात कोसच्या कोस लांबीची दालने व बोळ तयार होतात. वर वाहणारी नदी एकाएकी एखाद्या विवरात शिरून अदृश्य होते व काही मैलांवर पुन्हा झऱ्याच्या रूपाने प्रकट होते. गुहेच्या छतातून ठिबकणारा थेंब आपल्यातील वायू सोडून देतो आणि त्याबरोबर चुन्याचा एक सूक्ष्म कण तेथेच ठेवतो. अशा कणांचे छतापासून लोंबणारे आणि जमिनीतून वर चढणारे लवणस्तंभ बनतात. बोटाच्या लांबीचा एक स्तंभ घडावयास बहुधा शेकडो वर्षे लागतात. युरोपात इटली व स्लोव्हेनिया यांच्या सीमेवर क्रास नावाचे असे एक पठार आहे. त्याच्या जर्मन नावावरून अशा सर्व भूप्रदेशांस कार्स्ट ही संज्ञा मिळाली आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. गुहा म्हटली की महाराष्ट्रीय मनुष्यास अजिंठा व वेरूळ आठवतात. परंतु ती लेणी मनुष्याने छिन्नीने खोदली, पाण्याने नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या रसातून घडलेला आपला काळा पाषाण चुनखडकासारखा विरघळून पोकळ होत नाही. म्हणूनच कार्स्ट प्रदेशाचा परिचय आपणास कमी. आणि म्हणूनच त्याच्या नाजूकपणाचीही जाणीव कमी.

हा नाजूकपणा कशात आहे? शेवगावच्या विहिरीत येणारे पाणी मातीतून, मुरमातून व मांजऱ्या दगडाच्या बारीक छिद्रांतून हळूहळू गाळून येते. चुनखडकाच्या मुलखात ही गाळणी नाही. विवराच्या तोंडाशी टाकलेला कचरा, शेतात फवारलेले औषध किंवा खाणीतील गाळ पहिल्या मोठ्या पावसाबरोबर सरळ खाली जातो आणि कित्येक मैल दूरच्या झऱ्यावर दुसऱ्याच गावाच्या घागरीत उतरतो. जगातील सुमारे दहावा हिस्सा लोक पिण्याच्या पाण्याकरिता अशा प्रदेशांवर थोडेफार अवलंबून आहेत असा अंदाज आहे. वरचे जंगल तुटले तर मातीतील वायू कमी होतो, पाणी वाहून जाते आणि गुहेतील ठिबक बदलते. थोडक्यात, गुहेचे संरक्षण गुहेच्या दारात करता येत नाही. ते डोंगराच्या माथ्यावर करावे लागते. आणि माथ्यावर माणसे राहतात.

गुहेच्या आत जे जग वसते, त्याचेही पोट बाहेरच्या जगावर अवलंबून असते. आत सूर्यप्रकाश नाही. म्हणून हिरवी वनस्पती नाही. म्हणून अन्नाची उत्पत्ती जवळजवळ नाही. पाण्याबरोबर वाहून आलेला पालापाचोळा आणि वटवाघळांची विष्ठा हेच तेथील मुख्य धान्य. वटवाघळे रात्री बाहेर जाऊन किडे टिपतात आणि दिवसा गुहेत येऊन, नकळत का होईना, आतल्या प्रजेस अन्न पुरवितात. त्या विष्ठेवर बुरशी व कीटक जगतात, कीटकांवर कोळी जगतात. मेघालयातील गारो टेकड्यांत सिमसांग नदीकाठी सिजूची गुहा आहे. १९२२ साली भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे स्टॅन्ली केंप व बी. चोप्रा यांनी तिची तपासणी केली आणि १९२४ साली तिचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. एवढ्या एका गुहेत शंभराहून अधिक जातींचे प्राणी त्यांना आढळले. त्याच राज्याच्या जैंतिया टेकड्यांत २०१९ साली क्रेम उम लादाव या गुहेच्या खोल पाण्यात मोठाले फिकट मासे दिसून आले. गुहेत राहणाऱ्या ज्ञात माशांत आकाराने ते सर्वांत मोठे होत. २०२३ साली त्यांचे स्वतंत्र जात म्हणून वर्णन झाले.

असल्या प्राण्यांचे राहण्याचे ठिकाण अतिशय मर्यादित असते. दुसरा डोंगर त्यांना दुसऱ्या ग्रहासारखा दूर. त्यातून बहुतेक वटवाघळे वर्षातून एकाच पिलास जन्म देतात. विणीच्या दिवसांत एखाद्या टोळक्याने गुहेत मशाली नेल्या, फटाके वाजविले अथवा धूर केला, तर घाबरलेल्या माद्यांची पिले खाली पडून मरतात, आणि त्या वर्षाची संपूर्ण पिढी नाहीशी होते.

महाराष्ट्रात याचे सर्वांत जवळचे उदाहरण सिंधुदुर्ग जिल्ह्यात आंबोली येथे आहे. आंबोलीचा डोंगर चुनखडकाचा नव्हे; तेथे जांभा व काळा दगड आहे. परंतु हिरण्यकेशी नदी तेथे डोंगराच्या गुहेतून बाहेर पडते, आणि उगमापाशी महादेवाचे देऊळ व कुंड आहे. या कुंडात बोटभर लांबीचा एक मासा राहतो. २०२० साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि नदीच्याच नावावरून त्याला शिस्टुरा हिरण्यकेशी हे नाव मिळाले. पुढे ३१ मार्च २०२१ रोजी महाराष्ट्र शासनाने देवस्थानाचा व कुंडाचा २.११ हेक्टर परिसर जैविक वारसास्थळ म्हणून घोषित केला. शास्त्राने मासा ओळखण्यापूर्वी त्या पाण्याला आधार होता तो देवाचे कुंड म्हणून बाळगलेल्या मर्यादेचा. श्रद्धेने घालून दिलेल्या मर्यादेला कायद्याने नंतर नाव दिले, असे या घटनेचे वर्णन करता येईल. परंतु मर्यादा देवळाच्या आवाराची आहे आणि पाणी येते ते सबंध डोंगरातून. वर डोंगरावर जे घडेल ते कुंडात उतरेल, हा नियम येथेही सुटत नाही.

आंबोलीहून दक्षिणेस, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, मराठी बोलणाऱ्या खेड्यांच्या सान्निध्यात भीमगडचे दाट जंगल आहे. तेथील बारापेडे गुहेत १९१२ साली प्रेटर यांना मोठ्या कानांचे एक वटवाघूळ सापडले. ऑल्डफील्ड टॉमस यांनी १९१३ साली त्याचे वर्णन केले आणि रॉटन यांच्या नावावरून त्याचे नामकरण झाले. जवळजवळ नव्वद वर्षे ही जात जगात याच एका गुहेत आहे असे समजत असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिला स्थान मिळाले, आणि २०११ च्या डिसेंबरात भीमगड हे अभयारण्य झाले. चालू शतकाच्या आरंभी मात्र हेच वटवाघूळ तेथून सुमारे दोन हजार किलोमीटर दूर, मेघालयाच्या खासी टेकड्यांत, शेल्ला परिसरातही असल्याचे दिसून आले. सह्याद्रीच्या प्राण्याचे हे दुसरे घर चुनखडकाच्या मुलखात होते. आणि लोकांच्या हाती असलेल्या संरक्षणाची खरी कसोटी याच मुलखात लागते.

मेघालयात जमिनीची व्यवस्था आपल्याकडच्यापेक्षा निराळी आहे. राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीचे संरक्षण तेथील डोंगरी जिल्ह्यांस आहे, आणि बहुतेक जमीन व जंगल सरकारचे नसून कुळांचे, गावांचे किंवा व्यक्तींचे आहे. खासी गावाच्या सभेस दरबार म्हणतात. गावाच्या सामाईक जमिनीचा निर्णय दरबारात होतो. मॉफ्लांग येथील देवराई अशाच गावकीच्या नियमांनी राखलेली आहे. तेथील पानसुद्धा बाहेर नेऊ नये असा दंडक आहे. आपल्याकडच्या देवरायांची ज्यांस माहिती आहे, त्यांस ही रीत परकी वाटणार नाही.

तेव्हा जमीन लोकांची असली म्हणजे गुहाही सुरक्षित राहिल्या पाहिजेत, असे कोणी म्हणेल. परंतु वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. शेल्ला परिसरातच चुनखडकाची एक मोठी खाण आहे. तेथील दगड सुमारे सतरा किलोमीटर लांबीच्या यांत्रिक पट्ट्यावरून सीमेपलीकडे बांगला देशातील छातक येथील सिमेंटच्या कारखान्यास जातो. या खाणीसंबंधीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. परिसरातील काही रहिवाशांनी हरकत घेतली होती; उलट खाणीच्या गावाच्या दरबाराची तिला संमती होती. ६ जुलै २०११ रोजी न्यायालयाने खाणीची परवानगी कायम केली. निर्णय देताना स्थानिक लोकांच्या संमतीचा विचारही न्यायालयाने केला.

या प्रकरणी गावकऱ्यांस दोष देणे शहरातील मनुष्यास सोपे वाटेल. परंतु ते न्यायाचे होणार नाही. ज्या गावास दवाखाना नाही, रस्ता नाही आणि रोकड पैसा मिळविण्याचे साधन नाही, त्याच्यापुढे एका बाजूस खाणीचे उत्पन्न व दुसऱ्या बाजूस अंधारातील वटवाघूळ ठेवले, तर तो काय निवडील हे विचारण्याची आवश्यकता नाही. पाणी मात्र गावाची शीव ओळखीत नाही. एका गावाने दिलेली संमती खालच्या गावाच्या झऱ्यापर्यंत पोहोचते, आणि त्या गावास कोणी विचारलेले नसते. लोकांच्या हाती कारभार द्यावा हे खरे. परंतु त्या लोकांत झऱ्यावर पाणी भरणाऱ्याचीही गणना झाली पाहिजे.

याच मेघालयातील दुसरी एक गुहा या प्रश्नाचे महत्त्व निराळ्या तऱ्हेने दाखविते. सोहरा, म्हणजे चेरापुंजी, येथील मॉम्लुह गुहेच्या लवणस्तंभात सुमारे ४२०० वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या अवर्षणाची खूण मिळाली. थरावर थर चढत गेलेल्या त्या चुन्यात प्रत्येक काळातील पावसाची नोंद राहते. भूशास्त्रज्ञांनी २०१८ साली पृथ्वीच्या इतिहासातील सर्वांत अलीकडील कालखंडास या नोंदीवरून मेघालयन हे नाव दिले. १९७२ चा दुष्काळ ज्यांच्या घरातील वडीलधाऱ्यांनी भोगला, त्या नगर जिल्ह्यातील कुटुंबांस अशा नोंदीचे मोल सांगावयास नको. मोसमी वाऱ्यांनी पूर्वी कितीदा पाठ फिरविली हे लिहिणारी वही अशा दगडातच आहे. आणि फोडलेला स्तंभ कोणत्याही उपायाने पुन्हा उभा राहत नाही.

मग लोकांच्या हातून गुहा राखल्या जाण्याचा मार्ग कोणता? अंदमानात त्याचे एक बोधप्रद उदाहरण घडले. उत्तर अंदमानात दिगलीपूरजवळ चाळीस-एक नावाच्या चुनखडकाच्या गुहा आहेत. तेथे एक जातीची पाकोळी आपल्या लाळेने पांढरे घरटे बांधते. चिनी खाद्यपदार्थांत या घरट्याच्या सुपाला फार मोठी किंमत येते. त्यामुळे घरटी काढणारे लोक अंडी-पिलांचीही पर्वा न करता ती खरवडून नेत, आणि पक्ष्यांची संख्या झपाट्याने घटली. कोइंबतूर येथील सालीम अली पक्षिविज्ञान व निसर्ग केंद्राचे डॉ. रवी शंकरन यांनी १९९० नंतरच्या दशकात या गुहांची पाहणी केली. केवळ मनाई करून हे थांबणार नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांनी वनखात्याच्या साहाय्याने घरटी काढणाऱ्यांनाच गुहांचे पहारेकरी केले. प्रत्येक गुहेची वाट, प्रत्येक कपार आणि विणीचा प्रत्येक दिवस त्यांना ठाऊक होता. ज्या ज्ञानाने ते पक्षी नाहीसे करीत, त्याच ज्ञानाने आता ते राखू लागले. पिले उडून गेल्यानंतर रिकामे घरटे काढले तर पक्ष्याचे नुकसान होत नाही आणि माणसास उत्पन्न मिळते, असा त्यांचा विचार होता. राखलेल्या गुहांत पाकोळ्या पुन्हा वाढू लागल्या. डॉ. शंकरन २००९ साली निवर्तले; परंतु चोराहातीच किल्ली सोपवून घर राखण्याचा हा प्रयोग त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला आहे.

शेल्ला आणि चाळीस-एक यांची तुलना केली म्हणजे भेद स्पष्ट होतो. खाणीचा पैसा दगड गेल्यावरच हाती येतो. पाकोळीचे उत्पन्न दगड व पक्षी दोन्ही जागच्या जागी राहिले तरच मिळते. ज्या व्यवस्थेत राखणदाराचे पोट राखण्यावर चालते तीच टिकते. उपदेशाने अथवा केवळ दंडाने हे साधत नाही.

आता दृष्टी पुन्हा महाराष्ट्राकडे वळविली पाहिजे. आपल्याकडे खरा चुनखडक आहे तो विदर्भात. यवतमाळ जिल्ह्यात वणीच्या बाजूस आणि चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा व कोरपना या तालुक्यांत. सिमेंटचे मोठे कारखाने त्याच भागात उभे आहेत, हा योगायोग नव्हे. सिमेंटचा मूळ पदार्थ जो क्लिंकर, त्याचा एक टन तयार करावयास सुमारे दीड टन चुनखडक लागतो. भट्टीत दगड भाजला की त्यात अडकलेला तोच कर्बद्विप्राणिद वायू आकाशात जातो. याचा अर्थ असा की, शहरातील प्रत्येक स्लॅबमागे कोठेतरी एका डोंगराचा तुकडा खर्ची पडलेला असतो. घर बांधू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु कोणता दगड खणावा आणि कोणता डोंगर त्याच्या झऱ्यासाठी व त्यातील जीवांसाठी सोडावा, हे ठरविताना त्या डोंगरावरील लोकांचा शब्द वजनदार असला पाहिजे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीस व नगरपालिकेस अशी समिती आणि लोकांनी स्वतः लिहावयाची नोंदवही दिली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनहक्क दिले. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाने २००९ साली ते मिळविले. साधने आहेत, त्यांत किती ठिकाणी झऱ्याची, विवराची व वटवाघळाची नोंद होते, हा पुढचा प्रश्न आहे.

जमिनीखालच्या संपत्तीवर गावाने स्वतःस मर्यादा घालून घेणे शक्य आहे काय, अशी शंका असणाऱ्यांनी दूर जावयास नको. अहिल्यानगर जिल्ह्यातच हिवरे बाजार आहे. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने त्या गावाने ठरविले की, शेतीसाठी विंधनविहीर घ्यावयाची नाही आणि उसासारखे फार पाणी पिणारे पीक लावावयाचे नाही. पाऊस किती झाला हे मोजून त्या वर्षाच्या पाण्याचा ताळेबंद तेथील ग्रामसभेत मांडला जातो. तेथला खडक काळा आहे, चुन्याचा नव्हे. पाणी कपारींत साठते, गुहांत नव्हे. परंतु डोळ्यांना न दिसणाऱ्या, कोणाच्याही सातबाऱ्यावर न मावणाऱ्या वस्तूची वाटणी माणसांनी एकत्र बसून केली, हे महत्त्वाचे. मुख्य म्हणजे तो नियम पाळण्यात प्रत्येकाच्या विहिरीचे हित होते.

सुटीत मेघालयास, अंदमानास किंवा आंबोलीस जाणाऱ्या कुटुंबांच्या हाती एवढे तरी आहे: लवणस्तंभास हात लावू नये, कारण हाताच्या तेलकटपणाने त्याची वाढ खुंटते, गुहेत आवाज व प्रखर प्रकाश करू नये, आणि वाटाड्या त्याच गावचा घेऊन त्याची मजुरी देताना घासाघीस करू नये. शेवटची गोष्ट पहिल्या दोहोंइतकीच महत्त्वाची आहे. वाटाड्याच्या घरची चूल उभ्या डोंगरावर पेटते असे त्याच्या गावाने पाहिले, तरच पुढच्या दरबारात डोंगराच्या बाजूने बोलणारा कोणीतरी उभा राहील.